सायकल घसरली, मनगट दुखतंय? ‘नुसती मुरगळ’ समजून सोडून देणं महागात पडू शकतं

बालाघाटाच्या माळावर सायकल चालवणाऱ्या तरुणांची संख्या वाढते आहे. पडणं या खेळात ठरलेलंच असतं. पण कायमचं नुकसान बहुतेक वेळा पडल्यानंतरच्या दोन दिवसांत होतं. कोणत्या दुखापती होतात, का होतात आणि कुठे चुकतं, सविस्तर समजून घेऊया.

समजा, रविवारची सकाळ आहे. चार-पाच मित्र धाराशिव शहरातून सायकली घेऊन हातलाई देवीच्या डोंगराकडे निघालेत. चढ संपतो, उतार सुरू होतो. मुरमाच्या वळणावर एकाचं पुढचं चाक सरकतं आणि तो पडतो. पडताना साहजिकच हात पुढे जातो. गुडघा सोलवटतो, तळहातात खडे रुततात. मित्र हसतात, तोही हसतो. उठून सायकल झटकतो आणि पुन्हा निघतो.

संध्याकाळी मनगट सुजतं. घरचे म्हणतात, ‘मुरगळलं असेल.’ कुणीतरी तेल लावून चोळून देतं, वर घट्ट पट्टी बांधली जाते. आठवड्यात सूज उतरते, तो विषय विसरून जातो. तीन महिन्यांनी पोलीस भरतीच्या सरावाला उभा राहतो आणि ७.२६ किलोचा गोळा तळहातावर घेताच मनगटातून कळ निघते.

या उदाहरणात माणूस कल्पनेतला आहे, दुखापत मात्र अस्थिरोग विभागात नेहमी दिसणारी आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीत शिपाई पदासाठी पुरुषांची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात १६०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर धावणं १५ गुणांचं आणि गोळाफेक १५ गुणांची. ज्या जिल्ह्यात पहाटे मैदानावर पळणारी पोरं भरतीवर भविष्य टांगून बसलेली असतात, तिथं न जुळलेलं मनगटाचं एक छोटं हाड म्हणजे १५ गुणांचा प्रश्न असतो. म्हणून हा विषय हौशी मंडळींच्या चोचल्यांचा नाही.

धाराशिवचा माळ वेगळा का?

माउंटन बायकिंग म्हटलं की डोळ्यांसमोर हिमालय किंवा सह्याद्री येतो. या खेळाचा जन्म १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात झाला. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला पहिल्यांदा स्थान मिळालं. भारतात २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळमधल्या पोनमुडीत झाली. धाराशिव या नकाशावर कुठेच नाही. पण सायकलीला लागणारी जमीन इथं भरपूर आहे.

बालाघाटाच्या रांगा, तुळजापूरच्या घाटाची चढण, धाराशिव लेण्यांकडची वाट, येडशीच्या रामलिंगाचा परिसर, नळदुर्गच्या आसपासचा खडकाळ भाग, पवनचक्क्यांसाठी माळावर काढलेले मुरमाचे रस्ते. तिकीट नाही, गर्दी नाही आणि सकाळचा वारा फुकट.

मात्र ही जमीन फसवी आहे. खाली बेसाल्टचा कठीण खडक आणि वर सुट्या मुरमाचा पातळ थर, अशी रचना अनेक ठिकाणी सापडते. टायरला पकड मिळते ती मुरमाची आणि मुरूम स्वतःच खडकावरून घरंगळत असतो. म्हणजे ब्रेक दाबला की चाक थांबतं, पण सायकल थांबत नाही. काळ्या रानातली वाट उन्हाळ्यात भेगाळते आणि पुढचं चाक भेगेत अडकतं. पावसाळ्यात तीच माती टायरला लोण्यासारखी चिकटून चाक जाम करते. जोडीला बाभळीचे काटे आहेतच. उतारावर पुढचं चाक अचानक बसलं तर पंक्चरचंही रूपांतर अपघातात होतं.

आणखी एक गोष्ट. येडशी-रामलिंग घाट हे अभयारण्य आहे. वाटेल तिथून सायकल आत घालता येत नाही, वनविभागाची परवानगी आणि नियम लागू होतात. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला होता, हे लक्षात ठेवलं तरी आडवाटेनं घुसण्याचा मोह आवरेल.

‘डोंगरी’ दिसणारी प्रत्येक सायकल डोंगरी नसते

जाड टायर, पुढे शॉकअब्सॉर्बर, २१ गिअर आणि चकचकीत स्टिकर. बाजारात ‘एमटीबी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त सायकली दिसायला डोंगरी असतात, पण त्या गावातल्या खड्ड्यांसाठी बनवलेल्या असतात. काही उत्पादकांच्या माहितीपुस्तिकेतच उड्या आणि खडतर वाटांसाठी ही सायकल वापरू नये असं लिहिलेलं असतं. ते पान कुणी उघडत नाही.

अडचण अशी की सायकलचं रूप चालवणाऱ्याला भलताच विश्वास देतं. पुढे सस्पेन्शन आहे म्हणजे दगडावरून गेलं तरी चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात स्वस्त सस्पेन्शनमध्ये फक्त स्प्रिंग असते. ती दाबली जाते आणि तितक्याच जोरात उलटी उसळते. उसळीला आवर घालणारी यंत्रणा, म्हणजे डॅम्पिंग, त्यात नसते किंवा नावापुरती असते. दगडावर आदळलेलं पुढचं चाक अशा वेळी हवेत उडतं आणि हँडलवरचा ताबा सुटतो.

ऑनलाइन मागवलेल्या सायकलींचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्या खोक्यात अर्धवट जोडलेल्या येतात. पुढचं चाक, हँडल, पेडल आणि सीट घरीच बसवावं लागतं. हँडलचा बोल्ट ढिला राहिला तर खड्ड्यात चाक एकीकडे आणि हँडल दुसरीकडे जातं. पुढच्या चाकाचा क्विक रिलीज खटका नीट बंद झाला नाही तर धक्क्यासरशी चाक निसटू शकतं. पाना हातात आहे म्हणजे सायकल जोडता येते, असं नाही. गावातल्या सायकल दुकानात चार पैसे देऊन बोल्ट कसून घेणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

पडतो तेव्हा नेमकं काय होतं?

इथं थोडं शाळेतलं भौतिकशास्त्र उपयोगी पडतं. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी २० किलोमीटर वेगानं जाणारं शरीर अचानक थांबलं, तर त्यातली ऊर्जा साधारण दीड मीटर उंचीवरून पडल्याइतकी असते. ३० किलोमीटरला ती साडेतीन मीटरवरून पडल्याइतकी होते. ४० किलोमीटरला सहा मीटरच्या वर जाते, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून पडण्याइतकी. घसरत गेलं तर यातली बरीच ऊर्जा कातडी सोलण्यात खर्च होते. दगडावर किंवा झाडावर आदळलं तर ती हाडात जाते.

उतारावर वेग किती झाला हे कळत नाही, कारण पायांना कष्ट पडत नाहीत. ताशी ४० किलोमीटर गाठायला घाटात एक मिनिटसुद्धा लागत नाही.

पडण्याच्या तऱ्हा मुख्यतः दोन. पहिली, बाजूला घसरून पडणं. यात खरचटणं, खांदा आणि कंबर शेकणं असं होतं. दुसरी, हँडलवरून पुढे फेकलं जाणं. ही जास्त घातक, कारण डोकं, चेहरा, मान, मनगट आणि गळ्याजवळचं हाड यांच्यावर सगळा भार येतो. पुढे फेकलं जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे उतारावर घाबरून पुढचा ब्रेक एकदम आवळणं. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकाकडे सरकतं. उतारावर ते आधीच पुढे झुकलेलं असतं. त्यात चालवणारा सीटवर ताठ बसून असेल तर मागचं चाक उचललं जातं.

म्हणून जाणकार सायकलपटू उतारावर सीटवरून उठतात, कंबर मागे घेतात, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवतात आणि ब्रेक थोडा थोडा दाबत-सोडत राहतात. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, वळणात नाही. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताशी असतो, पण काही सायकलींना तो उलटा असतो. मित्राची सायकल घेऊन उतार उतरण्याआधी एकदा दाबून बघावं. ऐन वळणावर हा शोध लागणं बरं नाही.

सर्वाधिक कुठे लागतं?

*खरचटणं आणि कातडी सोलणं:* सगळ्यात जास्त प्रमाणात होणारी आणि सगळ्यात दुर्लक्षित दुखापत. मुरमाचे बारीक कण जखमेत राहिले तर पू होतो, शिवाय कातडीखाली कायमचे काळे डाग राहतात. जखम भरपूर स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवावी, कण काढावेत आणि स्वच्छ पट्टी लावावी. हळद, चहापत्ती, चुना, तंबाखू किंवा माती जखमेत भरू नये. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते आठवावं. माती लागलेल्या जखमेसाठी शेवटची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर डॉक्टर बूस्टर देतात.

*मनगट:* पडताना हात पुढे करणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. सगळा भार तळहातावर येतो. त्यात मनगटाजवळ रेडियस हाड मोडतं, ते सहसा सुजेवरून आणि वाकडेपणावरून कळतं. फसवं असतं ते स्कॅफॉइड. काजूच्या आकाराचं हे छोटं हाड अंगठ्याच्या बुडाशी असतं. अंगठा ताणून वर केला की मनगटाजवळ जो खळगा दिसतो, त्याच्या तळाशी. तिथं दाबल्यावर दुखत असेल तर ‘मुरगळ’ म्हणून मोकळं होऊ नये.

हे हाड मोडलं तरी हात वाकडा दिसत नाही, बोटं हलतात, सूजही थोडीच असते. इतकंच नाही, तर पहिल्या एक्स-रेमध्ये तडा न दिसण्याचीही शक्यता असते. त्यामुळे संशय असेल तर डॉक्टर मनगट आधार देऊन स्थिर ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा एमआरआय सुचवतात. ‘पहिल्या फोटोत काही नव्हतं’ म्हणून दुसऱ्यांदा न जाणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. स्कॅफॉइडला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बोटांकडच्या टोकातून आत शिरून उलट्या दिशेनं जातात. मध्येच हाड मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं. वेळेवर प्लास्टर झालं नाही तर हाड जुळत नाही आणि काही वर्षांनी सांधा झिजतो.

*गळ्याजवळचं हाड (कॉलर बोन):* खांद्यावर पडलं की ते मोडतं. सायकलपटूंमधलं हे ठरलेलं फ्रॅक्चर. बहुतेकदा हात झोळीत ठेवून ते सहा ते बारा आठवड्यांत जुळतं, तुकडे फार सरकले असतील तर शस्त्रक्रिया लागते. झोळीच्या काळात बोटं आणि कोपर हलवत राहावं, नाहीतर सांधे आखडतात.

*डोकं:* रक्त आलं नाही म्हणजे डोक्याला लागलं नाही, हा गैरसमज आहे. डोकं आदळल्यावर गरगरणं, मळमळणं, पडल्याचा प्रसंगच न आठवणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं ही मेंदूला धक्का बसल्याची लक्षणं आहेत. अशा माणसानं त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, फिट, बोलण्यात अडखळणं, हातापायात कमजोरी, कानातून किंवा नाकातून पाणी किंवा रक्त येणं, जागं करूनही नीट जाग न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट मोठं रुग्णालय गाठावं.

*पोट:* याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. हँडलचं टोक पोटात खुपसलं जाणं हा प्रकार विशेषतः शाळकरी मुलांमध्ये होतो. बाहेर फक्त नाण्याएवढा गोल वळ दिसतो. आत मात्र यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते आणि लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. पोट दुखत राहणं, उलट्या, चेहरा पांढरा पडणं, खांद्यात विचित्र दुखणं याकडे दुर्लक्ष करू नये. सायकलच्या हँडलची रबरी मूठ फाटून आतली नळी उघडी पडली असेल तर ती आजच बदलावी. उघडी नळी पोटात घुसते तेव्हा ती चाकूसारखं काम करते, आणि मूठ अगदी किरकोळ पैशात मिळते.

न पडताही होणाऱ्या दुखापती

प्रत्येक दुखापतीमागे अपघात असतोच असं नाही. चुकीच्या उंचीची सीट महिनाभरात गुडघा धरते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा वर आहे. साधी चाचणी अशी: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी, पेडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हावा. मग पंजानं पेडल मारताना गुडघ्यात योग्य तेवढा बाक राहतो. आपल्याकडे सायकल ‘दोन वर्षं पुरेल’ अशी मोठी घेतली जाते, त्याची किंमत पोराची पाठ आणि गुडघे मोजतात.

तासभर सायकल चालवून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं का? तळहाताच्या कडेनं जाणारी अल्नर नस हँडलवर दाबली जाते आहे, असा त्याचा अर्थ. अंगठा आणि त्याच्या जवळची बोटं बधिर होत असतील तर दाब मधल्या नसेवर आहे. हाताची पकड अधूनमधून बदलणं, हातमोजे घालणं आणि हँडलची उंची तपासणं, एवढ्यानं बहुतेकांना आराम पडतो. बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही टिकला तर डॉक्टरांना दाखवावं.

टायरमधल्या हवेचाही इथं संबंध येतो. पंक्चरच्या दुकानात टायर दगडासारखा टणक होईपर्यंत हवा भरून घेण्याची सवय आहे. डांबरी रस्त्यावर ते ठीक. मुरमावर असा टायर चेंडूसारखा उसळतो आणि प्रत्येक हादरा मनगटात, पाठीत जातो. किमान-कमाल दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो. खडबडीत वाटेवर जाताना त्याच मर्यादेत, पण खालच्या बाजूला राहिलेलं बरं.

खरी चूक पडल्यानंतर होते

या सगळ्या यादीत एक समान धागा आहे. खरचटणं, मनगट, डोकं, पोट, यांपैकी कशातही पडण्याच्या क्षणी सगळं संपत नाही. पुढचे काही तास किंवा काही दिवस निर्णायक असतात. आणि नेमके तेच आपल्याकडे वाया जातात.

कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. घरी कळलं तर सायकल बंद होईल, ही भीती. रविवारी दवाखाना बंद, सोमवारी कॉलेज. एक्स-रेचा खर्च. आणि ओळखीचा हाड बसवणारा गावातच असतो, तो रांगेत उभं करत नाही, इंग्रजीत चिठ्ठी देत नाही. त्याच्यावरचा विश्वास असा हवेतून आलेला नाही. दवाखाना लांब होता, तेव्हा तोच होता.

पण मोडलेल्या हाडाला मालिश करणं म्हणजे तुकडे आणखी सरकवणं. बांबूच्या कामट्या घालून करकचून बांधलं की आतून सूज वाढते, पट्टी मात्र सैल होत नाही. रक्तपुरवठा अडतो. बोटं थंड पडणं, निळी-काळी होणं, बधिर होणं, बोट सरळ केलं तरी असह्य कळ येणं ही धोक्याची खूण आहे. अशा वेळी पट्टी ताबडतोब सैल करून रुग्णालय गाठावं. इथं तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर स्नायू मरतात, कधीकधी हातच गमवावा लागतो.

धाराशिवमध्ये आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्यांच्या ठिकाणी उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं आहेत. मेंदूच्या शस्त्रक्रियेसारख्या गोष्टींसाठी सोलापूर किंवा लातूर गाठावं लागतं, हे खरं. पण मनगटाच्या एक्स-रेसाठी सोलापूरला जायची गरज नाही. अंतराचं कारण मोठ्या दुखापतीला लागू पडतं. छोट्या दुखापतीत आडवा येतो तो आपला आळस.

हेल्मेटवर वाद कशाला?

‘आमच्या आजोबांनी आयुष्यभर सायकल चालवली, कुठे होतं हेल्मेट?’ हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न चुकीचा नाही. पण आजोबांची काळी सायकल दुधाची किटली घेऊन सपाट रस्त्यानं ताशी १२-१५ किलोमीटरनं चालायची. घाटात ते उतरून हातात धरून चालत. नातू त्याच घाटात ४०च्या वेगानं सुटतो. तुलना सायकलीची न करता वेगाची केली की उत्तर मिळतं.

आकडेही स्पष्ट आहेत. सायकल हेल्मेटवरच्या कॉक्रेन समीक्षेनुसार डोक्याला आणि मेंदूला होणाऱ्या इजांचा धोका हेल्मेटमुळे ६३ ते ८८ टक्क्यांनी कमी होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४० अभ्यास आणि ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र करणाऱ्या विश्लेषणात गंभीर डोकेदुखापतीची शक्यता जवळपास ७० टक्क्यांनी कमी आढळली.

भारतात मोटार वाहन कायद्याचं हेल्मेटबंधन दुचाकी वाहनांना आहे, पायानं चालवायच्या सायकलीला नाही. म्हणजे इथं पोलीस अडवणार नाहीत. निर्णय स्वतःचाच. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर असावं, पट्ट्या कानाखाली ‘व्ही’ आकारात याव्यात, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकीच जागा राहावी. एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलावं, कारण आतला थर्माकोल एकदाच दबण्यासाठी असतो. मोटारसायकलचं हेल्मेट घालून चढ चढणं मात्र नको. उन्हात ते डोक्यावर भट्टी पेटवल्यासारखं होतं.

पहिल्या तासात काय करावं?

• पडलेल्याला लगेच ओढून उभं करू नये. शुद्धीवर आहे का, मान दुखते का, हातापायांना मुंग्या येतात का, हे आधी विचारावं.

• मान किंवा पाठ दुखत असेल तर हलवू नये. १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका माळावर येत नाही, त्यामुळे एकानं जवळच्या रस्त्यावर थांबून वाट दाखवावी आणि लोकेशन पाठवावं.

• रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमालानं सलग दहा मिनिटं दाबून धरावं. मध्ये मध्ये उचलून बघू नये.

• हाड मोडल्याचा संशय असेल तर ते सरळ करायला जाऊ नये. आहे त्या स्थितीत आधार देऊन, उपरण्याची किंवा ओढणीची झोळी करून न्यावं.

• अंगठी, कडं, घड्याळ सूज येण्याआधी काढावं.

• कुत्रं चावलं असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. कुत्रं मागे लागलं तर वेग वाढवण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये धरणं जास्त सुरक्षित.

जबाबदारी कुणाची?

सगळा भार चालवणाऱ्यावर टाकून मोकळं होणं सोपं आहे. पण तेवढ्यानं भागत नाही.

पहिली गोष्ट, या दुखापती कुठेच मोजल्या जात नाहीत. रस्ते अपघातांची सरकारी आकडेवारी पोलिसांच्या नोंदीतून तयार होते. माळावर एकटा घसरून पडलेला मुलगा त्या नोंदीत येत नाही. रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘पडल्यामुळे’ एवढंच लिहिलं जातं. सायकलवरून पडला, किती वाजता, कुठे, हेल्मेट होतं का, असे चार रकाने वाढवले तरी वर्षभरात जिल्ह्याला कळेल की कोणतं वळण आणि कोणता महिना धोक्याचा. न मोजलेल्या गोष्टीवर उपाय होत नसतो.

दुसरी गोष्ट शाळांची. शासनाच्या योजनांतून गरजू मुलींना सायकली मिळतात आणि त्यातून शिक्षण टिकतं, ही महाराष्ट्रातली चांगली कामगिरी आहे. पण सायकल देताना फोटो निघतो, ब्रेक कसा मारायचा हे कुणी शिकवत नाही. वर्षातून एक दिवस शाळेत सायकल तपासणी ठेवावी. गावातल्या मिस्त्रीला बोलवावं, ब्रेक, बोल्ट, मुठी आणि सीटची उंची बघावी. याला निधी लागत नाही, इच्छा लागते.

तिसरी गोष्ट क्रीडा संकुलांची. मुरूम आणि माती आपल्याकडे कमी नाही. संकुलाच्या कोपऱ्यात चढउतार आणि वळणांचा एक छोटा सराव मार्ग बनवला तर पोरं पडायला तिथं शिकतील, घाटात नाही. पडणं हेही कौशल्य आहे. कुस्तीच्या तालमीत पहिले धडे पडण्याचेच असतात. सायकलीत मात्र आपण पोराला थेट फडात उतरवतो.

चौथी गोष्ट सायकल गटांची. रविवारी एकत्र निघणाऱ्या प्रत्येक गटात एकाकडे प्रथमोपचाराची पिशवी, एकाकडे सुट्या भागांचं साहित्य आणि सर्वांत शेवटी चालणारा एक अनुभवी माणूस हवा. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगानं गट चालला पाहिजे. व्हॉट्सॲपवर कोण किती वाजता वर पोहोचला याचे फोटो येतात. कोण पडला आणि का पडला, हेही लिहिलं तर दुसऱ्याचं मनगट वाचेल.

मग सायकल चालवूच नये का?

जरूर चालवावी. दुखापतींची यादी वाचून सायकल माळ्यावर टाकली तर नुकसान जास्त. नियमित सायकलिंगचा हृदय, वजन, साखर आणि मन यांना होणारा फायदा मोठा आहे, आणि बहुतेक पडझड खरचटण्यापुरतीच असते. मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या पोराला माळावरचा वारा लागणं ही चांगलीच गोष्ट आहे.

प्रश्न धाडसाचा नाही. पडल्यावर न रडणं हे आपल्याकडे शौर्य मानलं जातं. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला ते शिकवताना आपण त्याला दुखणं लपवायलाही शिकवतो. ‘कुठे दुखतंय, दाखव’ असं घरात विचारलं जाणं आणि ‘सायकल काढून घेईन’ असं न म्हणणं, एवढा बदल झाला तरी निम्मं काम होईल. जो मुलगा पडल्याचं संध्याकाळी सांगतो, त्याचं हाड वेळेवर जुळतं. जो लपवतो, त्याला ते भरतीच्या मैदानावर कळतं.

थोडक्यात

• अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर एक्स-रे काढावा. पहिला स्वच्छ आला तरी दोन आठवड्यांत पुन्हा दाखवावं.

• मोडल्याचा संशय असलेल्या हाडाला मालिश नको, करकचून बांधणं नको.

• डोकं आदळलं तर त्या दिवशी सायकल बंद. पोटात हँडल लागलं तर किमान दिवसभर लक्ष.

• निघण्यापूर्वी एक मिनिट: ब्रेक, हँडलचा बोल्ट, पुढचं चाक, मुठी, हवा.

• हेल्मेट डोक्यावर, हँडलला अडकवलेलं नाही.